घराची व्यवस्था लावून ठेवा



नोव्हेंबर महिना लागला की आपल्या दफनभूमीचे रूप पालटते. पावसाळ्यात वाढलेले गवत काढले जाते, क्रुसांना रंग लागतो, झेंडूच्या माळा आणि मेणबत्त्या येतात. धर्मग्रामाच्या कचेरीत मृतांच्या नावांची पाकिटे जमा होऊ लागतात. आजी-आजोबांची नावे मुले स्वतःच्या हाताने लिहून आणतात, हे पाहून समाधान वाटते. परंतु याच दिवसांत एक गोष्ट डोळ्यांत खुपते. एकाच थडग्यावर एक कुटुंब सकाळी येते आणि दुसरे संध्याकाळी. दोघांचे आईबाप तेच, क्रूस तोच, प्रार्थनाही तीच. वेळ मात्र अशी ठरवलेली की एकमेकांचे तोंड पाहावे लागू नये. कारण विचारले तर उत्तर बहुधा एकच मिळते: वाडी, घर किंवा बँकेतले पैसे.

म्हणून आजच्या पानावर मृतांसाठी प्रार्थना कशी करावी याविषयी न लिहिता, मरण्यापूर्वी जिवंत माणसाने काय करून ठेवावे याविषयी लिहितो. काहींना वाटेल, फादरांनी हा वकिलीचा धंदा कधीपासून सुरू केला? बंधुभगिनींनो, हा विषय शुभवर्तमानातलाच आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात गर्दीतून एक माणूस पुढे येतो आणि येशूला सांगतो की माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. त्या माणसाचे नाव दिलेले नाही. बरेच आहे, आपल्यापैकी कोणाचेही नाव तिथे घालता येते. प्रभूने न्यायाधीश होण्यास नकार दिला. येशूला न्यायाची पर्वा नव्हती असे नाही, पण त्या भांडणाच्या मुळाशी लोभ आहे हे त्याने ओळखले आणि लोभावर बोट ठेवले. मग त्याने धनवान शेतकऱ्याचा दाखला सांगितला. पीक भरपूर आले, कोठारे अपुरी पडली, जुनी पाडून मोठी बांधायचा बेत ठरला आणि त्याच रात्री बोलावणे आले.

हा दाखला घरी जाऊन पुन्हा सावकाश वाचा. त्या गोष्टीत दुसरे माणूसच नाही. बायको नाही, मुले नाहीत, शेतात राबणारा गडी नाही, शेजारी नाही. तो माणूस फक्त स्वतःशी बोलतो आणि त्याच्या तोंडी सारखे ‘माझे, माझे’ येत राहते. आणि परमेश्वर त्याला शेवटी जे विचारतो ते काय आहे? तू जमवलेले हे सारे आता कोणाचे होणार, एवढेच. तलाठ्याच्या कचेरीत वारसांची नोंद करायला गेल्यावर हाच प्रश्न विचारला जातो! फरक एवढाच की तिथे तो आपल्या पश्चात आपल्या मुलांना विचारतात आणि मुलांपाशी उत्तर नसते.

मृत्युपत्र करा म्हटले की आपल्या घरांत लोक दचकतात. ‘फादर, अजून मी धडधाकट आहे.’ ‘मृत्युपत्र केले की माणूस फार दिवस राहत नाही म्हणतात.’ ‘आमची मुले गुणी आहेत, भांडायची नाहीत.’ पहिल्या दोन्हीला उत्तर म्हणून हिज्कीया राजाची गोष्ट पुरेशी आहे. तो आजारी पडला तेव्हा यशया संदेष्टा त्याच्याकडे आला आणि म्हणाला की घराची व्यवस्था लाव, तू आता जगणार नाहीस. राजा भिंतीकडे तोंड करून रडला, त्याने प्रार्थना केली आणि परमेश्वराने त्याच्या आयुष्यात १५ वर्षांची भर घातली. घराची व्यवस्था लाव, हे शब्द ऐकून तो मेला नाही. मुलांच्या गुणीपणाविषयी मात्र जरा थांबून बोलायला हवे. मुले गुणी असतातच. पण गुणी मुलांची लग्ने होतात, त्यांना मुले होतात, कर्ज होते, एखाद्याची नोकरी जाते, वाडीशेजारून रस्ता जातो आणि गुंठ्याचा भाव चढतो. त्या वेळी बाबांच्या मनात काय होते हे सांगायला बाबा नसतात.

आता आपल्याला कायदा काय सांगतो ते पाहू. आपण महाराष्ट्रातले ख्रिस्ती आहोत, आपल्या वारसाहक्काला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. (गोव्यात सोयरीक असलेल्यांनी लक्षात ठेवावे, तिथले नियम पोर्तुगीज काळापासून वेगळे आहेत.) शेजारच्या हिंदू कुटुंबाला लागणारा कायदा आपल्याला लागत नाही. म्हणून ‘वडिलोपार्जित जमीन आहे, माझा जन्मतः हिस्सा आहे’ असे आपला मुलगा बापाशी भांडताना म्हणतो, ते ऐकीव ज्ञान आहे. बाप जिवंत असेपर्यंत त्याच्या नावावरचे त्याचेच असते.

मृत्युपत्र न करता पुरुष वारला, पत्नी आणि मुले मागे राहिली, तर एक तृतीयांश पत्नीला मिळते आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांना सारखे. सर्व मुलांना म्हणजे मुलगे आणि मुली दोघांना. लग्न झालेली, न झालेली, दूर दिलेली, मनाविरुद्ध लग्न केलेली, कोणताही फरक नाही. समजा १२ गुंठ्यांची वाडी आहे. आई आहे, दोन मुलगे, दोन मुली. आईचे चार गुंठे, आणि उरलेल्या आठात चौघांचे दोन-दोन. आपल्याकडे बाबांच्या महिन्याच्या मिस्सानंतर ओसरीवर बसून जो हिशेब होतो तो कसा असतो? दोन भाऊ, सहा-सहा गुंठे. आई मुलांकडे आळीपाळीने जेवेल. बहिणींना साडी.

मूलबाळ नसलेल्या जोडप्यांनी तर हे पान कापून ठेवावे. नवरा मृत्युपत्राशिवाय गेला आणि मूल नसेल, तर पत्नीला सगळे मिळत नाही. निम्मे तिचे, निम्मे नवऱ्याच्या रक्ताच्या नातेवाइकांचे: वडील असतील तर त्यांचे, नसतील तर आई आणि भावाबहिणींचे. दोघांनी मिळून, पोटाला चिमटा घेऊन घेतलेले घर केवळ नवऱ्याच्या नावावर असेल, तर उद्या त्या घराच्या अर्ध्या भागावर दीर हक्क सांगू शकतो आणि कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. पत्नी आधी गेली तर नवऱ्यालाही हाच नियम.

आणखी एक गोष्ट. सासऱ्याच्या आधी मुलगा वारला, तर त्या मुलाचा हिस्सा त्याच्या मुलांना जातो. सून सासऱ्याची वारस ठरत नाही. तिला मूल नसेल तर कायद्याने सासऱ्याच्या मालमत्तेतले तिला काहीच मिळत नाही. तरुणपणी विधवा झालेली सून, जी सासूसासऱ्यांना सांभाळत राहते, तिला आपण ‘लेकीसारखी’ म्हणतो. म्हणतो ते कागदावर लिहिले नाही तर त्या म्हणण्याला तलाठ्याकडे किंमत नाही. सासऱ्याने चार ओळी लिहून ठेवल्या तर तिला छप्पर राहते.

मुलींच्या हिश्श्याचा विषय निघाला की काही वडीलधारी मंडळी नाराज होतात. ‘लग्नात सोने दिले की, फादर.’ सोने दिले हे खरे, पण मुलाच्या लग्नालाही मांडव घातलाच होता. केरळच्या मेरी रॉय या ख्रिस्ती बाईंनी हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. तिथल्या जुन्या त्रावणकोर कायद्याप्रमाणे मुलीला मुलाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा ५,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळे. १९८६ साली न्यायालयाने निकाल दिला की तिथल्या ख्रिस्ती मुलींनाही १९२५ चाच कायदा लागतो, म्हणजे सारखा वाटा. आपल्याकडे तो कायदा आधीपासूनच आहे. आपल्याला न्यायालयात जावे लागले नाही. आपण फक्त तो पाळत नाही.

पवित्र शास्त्रात तर हा विषय मोशेपासून आहे. गणनाच्या २७ व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, सगळ्या मंडळीसमोर दर्शनमंडपाच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि बापाच्या वतनात आपला वाटा मागितला. त्यांना भाऊ नव्हता, म्हणून त्यांना तो मिळाला, हे खरे. पण ईयोबाने त्यापुढे मजल मारली. दुःख सरल्यावर त्याला पुन्हा मुले झाली, तेव्हा त्याने मुलींना त्यांच्या भावांबरोबरच वतन दिले. त्याला कोणी सांगितले नव्हते, कायदाही नव्हता. जो माणूस सगळे गमावून बसला होता, त्याला वाटणी कशी करावी ते समजले होते!

बहिणींना एक सांगणे आहे. भावासाठी आपला हिस्सा सोडायचा असेल तर जरूर सोडा. भाऊ गरीब आहे, आईला तो पाहतो आहे, तुमचे चांगले चालले आहे, तर तसे करणे ही फार मोठी गोष्ट आहे. पण दान द्यायचे तर आपण काय देत आहोत हे माहीत असावे. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असते आणि एकदा सही झाली की ती मागे घेता येत नाही असे धरून चाला. म्हणून सुतकाच्या दिवसांत, डोळे अजून सुजलेले असताना, ‘इथे सही करून टाक गं, माहेर तुटायला नको’ असे कोणी म्हटले तर कागद घरी घेऊन जा, वाचा, वाचून घ्या, महिना जाऊ द्या. एका सहीवर तुटणारे माहेर सही केल्यानेही फार दिवस टिकत नाही.

आणि भावांनो, वारस नोंदीच्या अर्जासोबत जे प्रतिज्ञापत्र लागते त्यात सर्व वारसांची नावे लिहायची असतात. बहीण परदेशी आहे, तिला कळणार नाही, म्हणून तिचे नाव गाळणे ही काही कुटुंबांत ‘सोय’ समजली जाते. सातवी आज्ञा आणि आठवी आज्ञा अशा वेळी एकाच कागदावर मोडली जाते. कबुलीजबाबात मला दोन्ही ऐकायला मिळाव्यात अशी माझी इच्छा नाही. त्यापेक्षा बहिणीला फोन करा.

मृत्युपत्राचा कागद कसा असावा? लोकांना वाटते की स्टॅम्प पेपर हवा, वकील हवा, हजारो रुपये हवेत. यांतले काहीच सक्तीचे नाही. साधा कागद चालतो. मराठीत, स्वतःच्या अक्षरात चालतो. माणूस सज्ञान आणि शुद्धीवर असला पाहिजे, त्याने सही केली पाहिजे आणि किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहून आपापल्या सह्या केल्या पाहिजेत. साक्षीदारांनी आतला मजकूर वाचण्याची गरज नसते. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नोंदणी केली तर उत्तम, उद्या कोणी ‘ही बाबांची सही नव्हेच’ म्हणायला लागला तर ती उपयोगी पडते. पण नोंदणी नसली म्हणून मृत्युपत्र रद्द होत नाही. वय झाले असेल तर डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा. तारीख लिहायला विसरू नये, कारण दोन मृत्युपत्रे निघाली तर नंतरचे धरले जाते. वाटणी करून देणारा एक विश्वासू माणूस, ज्याला एक्झिक्युटर म्हणतात, त्याचे नावही घालावे.

दोन खाचखळगे मात्र आहेत. ज्याला काही द्यायचे त्याला किंवा त्याच्या पती-पत्नीला साक्षीदार करू नये. मृत्युपत्र टिकते, पण त्या साक्षीदाराला लिहून दिलेले बाद होते. घरात जावई होता, शेजारी नव्हते, म्हणून जावयाची सही घेतली आणि मुलीचा वाटा गेला, असे होऊ शकते. दुसरे म्हणजे, आपल्या कायद्यात लग्न झाले की आधी केलेले मृत्युपत्र आपोआप रद्द होते. बोटीवर जाण्यापूर्वी आईच्या नावे सगळे लिहून ठेवलेला मुलगा नंतर लग्न करतो. पहिल्या पत्नीच्या मुलांसाठी लिहून ठेवलेला विधुर पुन्हा लग्न करतो. दोघांनीही नव्याने लिहायला हवे. फार थोड्यांना हे ठाऊक असते.

पूर्वी मोठ्या शहरांत मृत्युपत्राला न्यायालयाचा प्रोबेट घ्यावा लागे, त्यात वर्षे जात. २००२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून भारतीय ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रासाठी तो सक्तीचा राहिलेला नाही. त्या भीतीने थांबला असाल तर थांबू नका.

बँकेतील नॉमिनीविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. आपल्यातल्या पुष्कळांची खाती १९१८ साली आपल्याच पूर्वजांनी उभ्या केलेल्या बॅसीन कॅथॉलिक बँकेत आहेत, काहींची इतरत्र. नियम सगळीकडे सारखा. नॉमिनी म्हणजे बँकेकडून पैसे स्वीकारणारा हात, मालक नव्हे. पैसे वारसांचे किंवा मृत्युपत्रात ज्याचे नाव आहे त्याचे. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हेच सांगितले. सोसायटीतील फ्लॅटचेही तसेच, नॉमिनीला तात्पुरते सभासद करून घेतात, घर त्याचे होत नाही. म्हणून थोरल्याचे नाव नॉमिनी म्हणून असेल तर थोरल्याने ते पैसे आपले समजू नयेत आणि धाकट्यांनीही बाबांनी आपल्याला डावलले असे मनाला लावून घेऊ नये. तरीही नॉमिनी असावाच, कारण तो नसला तर पैसे मिळायला विलंब लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. आणि कृपा करून, माणूस गेल्यावर त्याचे कार्ड घेऊन एटीएमवर जाऊ नका. अंत्यविधीच्या खर्चासाठी म्हणून काढलेले पाच हजार पुढे पन्नास हजारांच्या संशयाचे कारण होतात.

कितीतरी घरांत बाबांची खाती कोणकोणत्या बँकांत होती हेच कोणाला माहीत नसते. दहा वर्षे कोणी हात लावला नाही तर ते पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. हक्क बुडत नाही, पण शोधावे लागतात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ पासून ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले आहे. तरुणांनी आजोबांचे नाव तिथे घालून पाहावे, अर्धा तास लागेल.

आपल्या कॅथॉलिक बायबलमध्ये तोबीतचे पुस्तक आहे. ते फार कमी वाचले जाते. तोबीत आंधळा झाला, गरीब झाला आणि आपण आता मरणार असे त्याला वाटू लागले. दूर माद्य देशात एका माणसाकडे आपण दहा हंडे चांदी ठेवली आहे हे त्याला आठवले आणि त्याने मुलाला बोलावले. आता पाहा, तो पैशांपासून सुरुवात करीत नाही. आधी म्हणतो की मला नीट पुर. मग म्हणतो की तुझ्या आईचा मान राख, ती जिवंत असेपर्यंत तिला टाकू नकोस, तुझ्यासाठी तिने काय सोसले ते आठव आणि ती गेली की माझ्याशेजारीच तिला ठेव. मग गरिबांना दान दे, मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नकोस, असे बरेच काही. आणि अगदी शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखे, चांदी कोणाकडे आहे ते सांगतो. त्याची चिठ्ठीही होती. मृत्युपत्राचा याहून चांगला नमुना मला कोणत्या वकिलाकडे मिळाला नाही. पहिली आई, शेवटी पैसा.

म्हणून ज्यांना लिहायचे आहे त्यांनी पहिला परिच्छेद पत्नीचा लिहावा. ती हयात असेपर्यंत घरात राहील, तिला कोणी हलवणार नाही, वाडीचे उत्पन्न तिच्या हाती जाईल, असे स्पष्ट लिहावे. त्यानंतर मुलांचे. ज्या मुलाने किंवा अविवाहित मुलीने म्हातारपणी सांभाळले तिला थोडे अधिक द्यावे असे वाटत असेल तर द्यावे. कायदा अडवत नाही, माझे मनही त्याच्या बाजूचे आहे. वीस वर्षे आईबापांचे अंथरूण-पांघरूण केलेली आत्या शेवटी भावाच्या घरात मागच्या खोलीत पाहुणीसारखी राहते, हे आपल्या धर्मग्रामाला शोभत नाही. फक्त कारण लिहा आणि शक्य असेल तर हयातीतच सगळ्यांना बसवून सांगा. रागावतील. रागावू द्या, तुम्ही जिवंत असताना रागावले तर समजूत घालायला तुम्ही आहात.

जिवंतपणीच घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देणाऱ्या आईबापांनी मात्र दहादा विचार करावा. प्रेमापोटी डोक्यावरचे छप्पर देऊन टाकणे आणि मृत्युपत्राने ठेवून जाणे यांत फरक आहे. मृत्युपत्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येते, बक्षीसपत्र नाही. द्यायचेच असेल तर ‘माझा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द त्या कागदात घाला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने, अशी अट असताना मुलाने सांभाळले नाही तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. आईबाप असा अर्ज सहसा करीत नाहीत हे मला माहीत आहे. ते मिस्साला येतात, मागच्या बाकावर बसतात आणि मुलाची बाजू घेतात.

चर्चला काही ठेवून जावे का, असे काही जण विचारतात. १९२५ च्या कायद्यात एक कलम होते; जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मकार्यासाठी मृत्युपत्राने काही द्यायचे तर ते मरणापूर्वी किमान १२ महिने आधी केलेले असले पाहिजे, शिवाय सहा महिन्यांत ते ठरावीक ठिकाणी जमा केले पाहिजे. केरळमधील एका धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ते कलम रद्द केले. तेव्हा आज अडचण नाही. पण माझ्याच झोळीविरुद्ध एक शब्द बोलतो. संत मार्कच्या ७ व्या अध्यायात येशू अशा लोकांवर रागावतो, जे आईबापांना द्यायचे ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिले असे सांगून हात झटकत. विधवेच्या घराचे छप्पर गळत असताना वेदीला नवी समई नको. आधी घरातले, मग संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या यादीतले कोणी, मग उरले तर चर्च.

एखादा माणूस गेल्यावरचे दिवस गडबडीचे असतात, म्हणून थोडे त्याविषयी. आपल्या चर्चच्या नोंदवहीत दफनाची नोंद झाली म्हणजे सरकारी नोंद झाली असे नव्हे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत महापालिकेकडे व्हायला हवी. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ती होत नाही. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्या, प्रत्येक खिडकीवर एक मागतात. सातबाऱ्यावर वारसांची नावे लावण्यासाठी तीन महिन्यांत तलाठ्याकडे अर्ज करा. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र लागते. हा अर्ज आता ‘ई-हक्क’वर घरबसल्याही भरता येतो. फेरफार धरला की हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी मंजुरी देतात. सातबाऱ्यावर आजही पणजोबांचे नाव असलेल्या वाड्या आपल्याकडे आहेत. तीन पिढ्यांत वारस पन्नासवर गेले, निम्मे आखातात आणि कॅनडात आहेत. तिथे आता वाटणी करायची तर सह्या गोळा करण्यातच एक पिढी जाईल. अशा कुटुंबांनी निदान आपल्या पिढीपुरती गाठ सोडवायला सुरुवात करावी.

नावांचा घोळ हा आपल्या लोकांचा खास प्रश्न आहे. बाप्तिस्म्याच्या वहीत पेद्रू, शाळेत पीटर, सातबाऱ्यावर पेदरू आणि आधारकार्डावर इंग्रजीतून आलेले चौथेच काहीतरी. गोन्साल्विस हे आडनाव एकाच घरातल्या तीन भावांनी तीन तऱ्हांनी लिहिलेले मी पाहिले आहे. मग कचेरीत येऊन लोक म्हणतात, फादर, वहीत एवढे नाव दुरुस्त करून द्या. ते मला करता येत नाही. वहीत बाप्तिस्म्याच्या दिवशी जे लिहिले गेले त्याचा दाखला तेवढा मी देऊ शकतो. उलट तो जसाच्या तसा असतो म्हणूनच त्याला किंमत आहे. हयात माणसांनी आपापल्या कागदांवरची नावे आताच जुळवून घ्यावीत. माणूस गेल्यावर पेद्रू आणि पीटर एकच होते हे सिद्ध करायला वेगळी प्रतिज्ञापत्रे करावी लागतात.

आणि प्रत्येक घरात एक वही हवी. साधी, शंभर पानी. तीत बँकांची खाती, ठेवी, विमा, पोस्टातले पैसे, लॉकर, घरपट्टी, वीजमीटर कोणाच्या नावावर, कोणाला उसने दिले, कोणाकडून घेतले, मृत्युपत्र कुठे ठेवले आहे हे लिहावे. ती वही कुठे आहे हे पत्नीला आणि एका मुलाला किंवा मुलीला सांगावे. कर्ज लपवू नये. बाबांचे कर्ज अंत्यविधीनंतर सावकाराच्या तोंडून कळणे यासारखे दुःख नाही. पासवर्ड आणि पिन मात्र वहीत लिहू नका.

या संदर्भात पालकीय परिषदेने ठरवल्याप्रमाणे, या महिन्यातील शेवटच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात दोन वकील आणि एक निवृत्त महसूल कर्मचारी बसतील. ते आपल्याच समाजातले आहेत, पैसे घेणार नाहीत. भांडण सोडवायला ते येणार नाहीत, माहिती देतील. येताना सातबाऱ्याचा ताजा उतारा, घरपट्टीची पावती आणि कुटुंबातील सर्वांची, मुलींसह, नावे व जन्मतारखा लिहून आणाव्यात. शक्य तिथे पती-पत्नीने दोघांनी यावे. ज्यांना चालवत नाही अशा वृद्धांची नावे लहान ख्रिस्ती समूहाच्या प्रमुखांकडे द्यावीत. त्यांच्या घरी जाण्याची व्यवस्था करू. बाप्तिस्म्याचे किंवा विवाहाचे जुने दाखले हवे असतील त्यांनी अंदाजे वर्ष आणि आईवडिलांची नावे कचेरीत आधी लिहून द्यावीत, कारण जुन्या वह्या नाजूक झाल्या आहेत आणि शोधायला आठवडा लागतो. मृतांच्या नावांची पाकिटेही त्याच दिवसापर्यंत स्वीकारली जातील.

आपला,
प्रमुख धर्मगुरू